दिवस मागून मोजायचे: पाळी अनियमित असताना मूल हवं असेल तर

प्रश्न : माझं वय २९, उंची १५४ सेंमी, वजन ६८ किलो. मी चिपळूणला सासरी असते. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, दर दुसऱ्या शनिवारी येतात. दहा महिने झाले, बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. माझी पाळी लग्नाआधीपासून मागेपुढे होते. या वर्षीच्या तारखा ४ फेब्रुवारी, १७ मार्च, २४ एप्रिल, १५ जून आणि २३ जुलै. जूनमध्ये घरी वास्तुशांत होती म्हणून १ ते १२ तारखेपर्यंत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. मोबाईलमधलं ॲप चौदाव्या-पंधराव्या दिवशी बीज सुटतं असं दाखवतं, त्या दिवसांत मिस्टर जमेल तसे सुट्टी काढून येतात. ६ एप्रिलला, म्हणजे एकविसाव्या दिवशी, प्रोजेस्टेरॉन तपासलं. ते ०.६ आलं. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, अंडंच तयार होत नाही. सोनोग्राफीत पीसीओडी लिहिलंय. प्रोलॅक्टिन ४१ आहे. हनुवटीवर जाड केस येतात. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी रॅबेप्रॅझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल घेते आणि केसगळतीसाठी बायोटिन. सासूबाई म्हणतात, पाळी लांबली की काढा घे. मिस्टरांची तपासणी झालेली नाही. आता टेस्ट ट्यूब बेबीच करावी लागेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. तुमच्या पत्रात असं काहीही नाही, ज्यासाठी आज टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करावा. तुम्हाला अंडं, म्हणजेच बीज, तयारच होत नाही, हेही अजून सिद्ध झालेलं नाही. ज्या रिपोर्टवरून तसं सांगितलं गेलं, तो चुकीच्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा आहे. तुम्ही तारखा नीट लिहून पाठवल्यात म्हणून हे ठामपणे सांगता येतं.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा पहिला, आणि बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा. दुसरा भाग बहुतेक बायकांमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि एकाच बाईत दर महिन्याला साधारण तेवढाच राहतो. लांबतो तो पहिला भाग. बीजांडकोशातली बीजाची एखादी पिशवी पूर्ण वाढायला कधी दोन आठवडे घेते, कधी चार, तर कधी वाढता वाढता मध्येच थांबते आणि दुसरी वाढू लागते. 'चौदावा दिवस' हा हिशोब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. ज्यांची पाळी ३८ किंवा ४१ दिवसांनी येते, त्यांनी मागच्या पाळीपासून पुढे मोजायचं नाही, पुढच्या पाळीपासून १४ दिवस मागे मोजायचं.

तुमच्याच तारखा घेऊ. ४ फेब्रुवारी ते १७ मार्च ४१ दिवस, १७ मार्च ते २४ एप्रिल ३८, २४ एप्रिल ते १५ जून ५२, आणि १५ जून ते २३ जुलै पुन्हा ३८. यातले ५२ दिवस तुमच्या शरीराचे नाहीत, गोळीचे आहेत. पाळी पुढे ढकलायच्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. ती चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवलं जातं आणि ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव होतो. १२ जूनला गोळी बंद, १५ जूनला पाळी, हे अगदी त्याप्रमाणेच झालं. तो महिना हिशोबातून काढून टाका. उरलं काय, तर ३८ ते ४१ दिवसांचं चक्र. वरवर वाटतं तितकं ते बेभरवशाचं नाही. लांब आहे, पण ठरावीक लांब आहे. अशा चक्रात बीज सुटत असेल, तर ते पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास.

आता तो ०.६ चा रिपोर्ट. रक्त ६ एप्रिलला काढलं, पाळी २४ एप्रिलला आली, म्हणजे मध्ये १८ दिवस होते. प्रोजेस्टेरॉन वाढतं ते बीज सुटल्यानंतर, आणि सर्वांत जास्त असतं पाळीच्या साधारण ७ दिवस आधी. तुमच्या त्या महिन्यात बीज सुटलं असलंच तर १० एप्रिलच्या आसपास. ६ तारखेला प्रोजेस्टेरॉन कमीच असणार होतं, बीज पुढे सुटणार असो वा नसो. योग्य तारीख होती १७ एप्रिल. 'एकविसाव्या दिवसाची तपासणी' या नावामुळेच ही गफलत होते. २८ दिवसांच्या चक्रात पाळीच्या ७ दिवस आधीचा दिवस एकविसावा येतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तुम्ही ही तपासणी बत्तिसाव्या दिवशी करा. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर आला तर त्या महिन्यात बीज सुटलं असं धरतात. कमी आला आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. पाळी येईपर्यंत दर आठवड्याला एकदा, असा हा क्रम आहे.

याच हिशोबाने मागचे दहा महिने बघा. ४० दिवसांच्या चक्राने दहा महिन्यांत सातेक संधी मिळतात, दहा नाही. आणि त्यातल्या बहुतेक ॲपच्या सांगण्यावरून चौदाव्या-पंधराव्या दिवशी गेल्या. बीज सुटल्यानंतर १२ ते २४ तासच जिवंत राहतं. शुक्राणू गर्भाशयाच्या तोंडाशी चांगला स्राव असेल तर जास्तीत जास्त ५ दिवस तग धरतात. म्हणून दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांत. पंधराव्या दिवशी संबंध आला आणि बीज पंचविसाव्या दिवशी सुटलं, तर दोघांची गाठ पडत नाही. तुम्ही दोघं दहा महिने मनापासून प्रयत्न करत होतात. त्याला यश आलं नाही याचा अर्थ शरीरात मोठा दोष आहे, असा अजून तरी लावता येत नाही. स्वतःला दोष देणं तर पूर्ण थांबवा.

आपले दिवस कसे ओळखायचे

२३ जुलैची पाळी धरली तर पुढची ३० ऑगस्ट ते २ सप्टेंबरच्या दरम्यान अपेक्षित आहे. मागे मोजलं की बीज सुटण्याचा अंदाज १६ ते १९ ऑगस्ट येतो, आणि संबंध यायला हवेत ११ ते १९ ऑगस्ट. पुढच्या प्रत्येक पाळीला हाच नियम लावा: विसाव्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, एक दिवसाआड. रोज हवेच असं नाही, पण चार-चार दिवस थांबून 'साठवणं' मात्र उपयोगाचं नाही. या नऊ दिवसांत मिस्टर चिपळूणला येण्यापेक्षा तुम्हीच चाकणला जाऊन राहिलात तर सगळं सोपं होईल. दर दुसऱ्या शनिवारी येणाऱ्या माणसाच्या सुट्टीत तुमचा सहा दिवसांचा काळ सापडेलच असं नाही. घरात कारण सांगायला अवघड वाटत असेल तर दवाखाना पुण्यातला निवडा. ते खोटंही ठरणार नाही, कारण तपासण्यांसाठी जावं लागणारच आहे.

तारखेच्या जोडीला शरीराची खूण बघा. बीज सुटायच्या आधी दोन-तीन दिवस अंगावरून जाणारं पांढरं बदलतं. एरवी ते घट्ट, पिठूळ किंवा अगदीच कमी असतं. या दिवसांत ते कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक होतं आणि दोन बोटांत धरून ओढलं तर तार निघते. लघवीच्या वेळी पुसताना हे सहज कळतं. तसा स्राव दिसला की तारखेची वाट बघू नका. स्रावाला वास, खाज किंवा हिरवट रंग असेल तर तो जंतुसंसर्ग, त्यावर आधी उपचार घ्या.

औषधाच्या दुकानात बीज सुटण्याचा अंदाज देणारी पट्टी मिळते. ती लघवीतलं एलएच हे संप्रेरक मोजते. सुरुवात कधी करायची, तर सर्वांत छोट्या चक्रातून १७ वजा करून. तुमच्या बाबतीत ३८ वजा १७, म्हणजे एकविसाव्या दिवसापासून. रोज एकाच वेळी, दुपारनंतर तपासा. त्याआधी दोन तास लघवी करू नका आणि फार पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकट येते. इथे बायका हमखास फसतात, कारण गर्भधारणेच्या पट्टीत फिकट दुसरी रेघही 'होय' असते, पण या पट्टीत तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच 'होय'. गडद झाल्यापासून २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संबंध ठेवा. पीसीओएस (तुमच्या सोनोग्राफीत पीसीओडी लिहिलंय तेच) असलेल्या काही जणींचं एलएच कायमच चढं असतं. त्यांना पट्टी आठ-आठ दिवस गडद येते, किंवा गडद येते पण बीज सुटत नाही. तुमचं तसं होत असेल तर पट्टीवर पैसे घालवू नका. स्राव आणि सोनोग्राफी यांवर विसंबा.

सकाळचं तापमान मोजायची पद्धतही आहे. डोळे उघडल्यावर उठण्याआधी, बोलण्याआधी, जिभेखाली, दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या थर्मामीटरने. बीज सुटल्यावर ते ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि चढलेलंच राहतं. पण ते कळतं तेव्हा बीज सुटून गेलेलं असतं, म्हणून त्या महिन्याच्या नियोजनाला त्याचा उपयोग नाही. आपल्याला बीज सुटतं का, हे दोन महिन्यांत ताडून बघायला चांगलं. चढलेलं तापमान १८ दिवस टिकलं आणि पाळी आली नाही, तर गर्भधारणेची तपासणी करा.

संबंधानंतर पाय वर करून झोपणं, उशी घेणं, तासभर न उठणं, याची गरज नसते. कोरडेपणासाठी खोबरेल तेल किंवा लाळ वापरू नका, त्याने शुक्राणूंच्या हालचालीला अडथळा होतो.

पीसीओडी आणि प्रोलॅक्टिन

सोनोग्राफीत बीजांडकोशाभोवती बारीक पिशव्या दिसल्या म्हणून आजार ठरत नाही. तरुण वयात अनेक निरोगी मुलींनाही त्या दिसतात. पीसीओएस ठरवायचे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरले, आजही तेच वापरतात. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत तसे बीजांडकोश, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. तुम्हाला हनुवटीवर जाड केस आहेत आणि पाळी ३५ दिवसांच्या पलीकडे जाते. म्हणजे सोनोग्राफी बाजूला ठेवली तरी तुम्ही या निकषांत बसण्याची शक्यता आहे. पण त्याआधी एक पायरी असते, तीच बहुतेक वेळा गाळली जाते. थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा दोष यांनीही पाळी लांबते. ते नाहीत याची खात्री केल्यावरच पीसीओएसचं नाव द्यायचं.

तुमचं प्रोलॅक्टिन ४१, म्हणजे चढं आलं. पण तुम्ही घेता त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन आहे, आणि डोमपेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. लेव्होसल्पिराईडही तेच करतं, तेही आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये सर्रास असतं. वाढलेलं प्रोलॅक्टिन बीज सुटण्याची प्रक्रिया दाबतं. म्हणजे रोज सकाळी घेतलेली ती कॅप्सूल तुमच्या पाळीच्या आड येत असू शकते. डॉक्टरांना विचारून ती किमान ३ दिवस बंद ठेवा. ॲसिडिटीचा त्रास असेल तर नुसतं रॅबेप्रॅझोल मागून घ्या. मग प्रोलॅक्टिन पुन्हा तपासा: सकाळी, उठल्यावर दोन-तीन तासांनी, आदल्या रात्री संबंध न ठेवता, लॅबमध्ये पंधरा-वीस मिनिटं शांत बसल्यावर. आकडा खाली आला तर विषय संपला. मग नेहमीची कॅप्सूल बदलून घ्या. तरीही चढा राहिला तर त्याची वेगळी तपासणी आणि कॅबरगोलिनसारखं औषध आहे, त्याने पाळी बऱ्याचदा आपोआप रुळावर येते. स्तनातून दूध येणं, सतत डोकं दुखणं, बाजूचं नीट न दिसणं, यांपैकी काही असेल तर मात्र आठवडाभरही थांबू नका.

बायोटिनची गोळी तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. काही यंत्रांवर ती रिपोर्टच बिघडवते. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं, आणि थायरॉईडचा दोष नजरेतून सुटतो.

पुढची पाळी आली की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाच रक्त द्या. त्यात एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि १७ ओएच प्रोजेस्टेरॉन. एएमएच (बीजांडकोशातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) कोणत्याही दिवशी चालतं. पीसीओएसमध्ये ते जास्त येतं, त्याचा आनंदही नको आणि भीतीही नको. साखरेसाठी फक्त उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी करा, कारण पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर चांगली असूनही दोन तासांनंतरची चढलेली सापडते. सोबत हिमोग्लोबिन, रक्तगट आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती बघून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, म्हणून ते आधीच उरकावं. पूर्वी कधी क्षयरोग झाला असेल, किंवा पाळीचा स्राव अलीकडे एकदम कमी झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षय दुर्मीळ नाही.

मिस्टरांची तपासणी याच महिन्यात

ही गोष्ट पुढे ढकलू नका. बायकोच्या सहा तपासण्या आणि चार महिन्यांच्या गोळ्या झाल्यावर नवऱ्याची एक तपासणी होते आणि दोष तिथे निघतो, असं सर्रास घडतं. वीर्यतपासणीसाठी २ ते ७ दिवस संबंध किंवा वीर्यपात नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरी घेतला तर अंगाजवळ ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावा. साध्या कंडोममध्ये किंवा तेल-साबण लावून घेतलेला नमुना चालत नाही. सुरुवातीचा भाग सांडला तर तसं सांगावं, कारण जास्त शुक्राणू त्यातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार प्रमाण १.४ मिली, संख्या मिलीमागे १.६ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के, ही खालची मर्यादा आहे. शंभरातले फक्त ४ योग्य आकाराचे, हे वाचून घाबरायचं कारण नाही, ते सामान्यच आहे. रिपोर्ट कमी आला तर पुन्हा एकदा तपासतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेला जोराचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. गुटखा, तंबाखू, दारू थांबवायला हवी. आणि जिममध्ये शरीर कमावण्यासाठी कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती आजच बंद. त्याने शुक्राणू पार शून्यावर जाऊ शकतात.

वजन

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८.७ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात. पण बारीक व्हायचा ध्यास नको. ५ टक्के वजन उतरलं तरी अनेकींची बीज सुटण्याची प्रक्रिया सुधारते. तुमच्यासाठी ते ३.४ किलो, तीन-चार महिन्यांत. कोकणातल्या जेवणात भात दोन्ही वेळा असतो. त्यातला एक वेळचा भात निम्मा करा आणि ती जागा कुळथाची पिठी, मुगाची उसळ, अंडं किंवा माशाच्या कालवणाने भरा. बांगडा, तारली उत्तम. मोरी टाळा, तिच्यात पारा जास्त असतो. चहातली साखर आणि सोबतची बिस्किटं यांनीही वजन वाढतं. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही घ्या. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढं पुरे. एका वेळेचं जेवण सोडणं, नुसत्या ज्यूसवर राहणं यांनी उलट बीज सुटणं बंद पडू शकतं. ज्यांचं वजन मुळातच कमी आहे आणि पाळी गेली आहे, त्यांच्यासाठी हा परिच्छेद नाही. त्यांना खाणं वाढवावं लागतं.

फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करा. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. आपल्याकडे दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती मधुमेह किंवा फिट्सची औषधं घेणाऱ्यांना मुद्दाम देतात. तुम्हाला कोणती, ते डॉक्टर सांगतील. मशेरी लावत असाल तर सोडा, तो तंबाखूच आहे.

काढा, गोळी आणि उपचार

सासूबाई काळजीपोटी सांगतात. पण पाळी लांबणं हे दिवस राहिल्याचंही पहिलं लक्षण असतं. म्हणून पाळी आणण्यासाठी काढा, गोळी, काहीही घेण्याआधी लघवीची तपासणी करायची, असं त्यांना समजावून सांगा. हा नियम पाळी पुढे ढकलायच्या गोळीलाही लागू आहे. गौरी-गणपती जवळ आले की ती गोळी न विचारता घेतली जाते. बीज सुटायच्या आधी सुरू केली तर ते सुटणंच अडतं आणि तो महिना वाया जातो. प्रयत्न चालू आहेत तोवर ती घेऊ नका.

पाळी ९० दिवस आली नाही आणि तपासणी नकारार्थी असेल, तर डॉक्टर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम ५ ते १० दिवस देऊन पाळी आणतात. गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने साचू देऊ नये, म्हणून ते गरजेचंही आहे. पण अशी आलेली पाळी म्हणजे बीज सुटलं असं नव्हे.

बत्तिसाव्या दिवसाच्या तपासणीत बीज सुटत नाही असं दिसलं, प्रोलॅक्टिन-थायरॉईड ठीक असलं आणि मिस्टरांचा रिपोर्ट चांगला असला, तर पीसीओएसमध्ये पहिलं औषध लेट्रोझोल. २.५ मिलिग्रॅमची गोळी, पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून ५ दिवस. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्क्यांना. पाकिटातल्या कागदावर 'स्तनाच्या कर्करोगासाठी' असं वाचून बायका घाबरतात. मूळ वापर तोच आहे, पण इथे डोस पाच दिवसांचाच असतो आणि गर्भ राहायच्या आधी औषध शरीरातून निघून जातं. भारतात २०११ मध्ये या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मात्र दिवस राहिलेले असताना ही गोळी चालत नाही, म्हणून दर वेळी आधी लघवीची तपासणी.

गोळीबरोबर 'फॉलिक्युलर स्टडी' करतात. नवव्या-दहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी आतून सोनोग्राफी. मोठी होणारी पिशवी दिवसाला साधारण २ मिलिमीटरने वाढते आणि १८ ते २२ मिलिमीटरला फुटते. अस्तर ७ मिलिमीटरच्या पुढे हवं. कधी पिशवी तयार झाल्यावर एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज सुटतं. तीन पिशव्या एकदम मोठ्या झालेल्या दिसल्या तर जुळ्या-तिळ्याच्या धोक्यामुळे तो महिना सोडून द्यायला सांगतात, ते ऐका. वाढ झाली नाही तर पुढच्या वेळी ५, मग ७.५ मिलिग्रॅम. तुमच्यासारख्या वेगवेगळ्या गावी राहणाऱ्यांना याचा मोठा फायदा असा, की सुट्टी कधी काढायची ते चार दिवस आधी कळतं. बीज सुटत असूनही पाच-सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर पुढचा विचार: नळ्या उघड्या आहेत का याची तपासणी, जी काही डॉक्टर आधीच करून घेतात आणि ते योग्यच आहे, मग इंजेक्शनं किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया. टेस्ट ट्यूब बेबी त्याच्याही नंतर.

साखर चढी निघाली तर मेटफॉर्मिन देतील. रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर पोटाचा त्रास कमी होतो.

वर्षभर थांबून मग डॉक्टरांकडे जायचं, हा सल्ला नियमित पाळीवाल्यांसाठी आहे. पाळी ३५ दिवसांच्या पलीकडे जात असेल तर थांबायचं नाही. या महिन्यातच जा, तारखांचा हा कागद आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन.

आणि तपासणी होकारार्थी आली तेव्हाची एक गोष्ट. तुमच्यासारख्या चक्रात 'पाळी चुकली' हे कळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी सकाळच्या लघवीची तपासणी करा, नकारार्थी आली तर आठवड्याने पुन्हा. दिवस राहिल्यावर पाळीच्या तारखेवरून मोजलेले आठवडे तुमच्या बाबतीत १०-१३ दिवस जास्त येतील. कागदावर आठ आठवडे असतील, सोनोग्राफीत गर्भ सहा-साडेसहा आठवड्यांचा दिसेल आणि ठोके कदाचित नुकतेच सुरू झालेले असतील किंवा दिसणारही नाहीत. 'वाढ नाही, पिशवी साफ करू' असं कुणी पहिल्याच सोनोग्राफीत म्हणालं तर आपलं चक्र ४० दिवसांचं आहे हे सांगा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायला लावा. पोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव असेल तर मात्र थांबायचं नाही, गर्भ नळीत असू शकतो. त्याच तासाला रुग्णालय गाठा.